गोव्याचे खनिज: उत्पन्न की मुद्दल?

डिचोली, सत्तरी, सांगे किंवा केपे तालुक्यात राहणाऱ्याला खाण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. त्या खाणीतून निघणारा माल कोणाचा, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला. पोर्तुगीज राजवटीत खाणींचे हक्क कायमस्वरूपी दिले गेले होते आणि मुक्तीनंतरही ते तसेच चालू राहिले. संसदेने 1987 साली कायदा करून 20 डिसेंबर 1961 पासून ते हक्क रद्द ठरवले व त्यांचे मुदतीच्या पट्ट्यांत (लीजमध्ये) रूपांतर केले. कायद्याने हक्कदार पट्टेदार झाले, तरी सरकार आणि खाणचालक यांच्या रोजच्या व्यवहारात पुढची अनेक वर्षे त्याचा फारसा मागमूस दिसला नाही.

लोहखनिजाच्या बाबतीत राज्य सरकारच्या हातात नेमके काय असते, हे आधी पाहिले पाहिजे. 1957 च्या खाण व खनिज कायद्यानुसार रॉयल्टीचे, म्हणजे खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेचे, दर केंद्र ठरवते, खाणकामाचा आराखडा भारतीय खाण ब्युरो मंजूर करतो, आणि पट्टा देणे, रॉयल्टी वसूल करणे, बेकायदा उत्खनन व वाहतूक रोखणे ही कामे राज्याकडे, म्हणजे आपल्याकडे पणजीच्या खाण व भूगर्भ संचालनालयाकडे येतात. पर्यावरण दाखला एकाने द्यायचा, प्रदूषण मंडळाची संमती दुसऱ्याने, आणि डोंगराखालच्या शेतात गाळ आला की प्रत्येकाने दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवायचे, असा अनुभव खाणपट्ट्यातल्या गावांनी वर्षानुवर्षे घेतला आहे.

देखरेख खरी होते की नाही, हे कळते मालाच्या प्रवासात. खंदकातून निघालेला माल चाळला जातो, ट्रकात भरून मांडवी किंवा जुवारीच्या काठावरील जेटीवर येतो, तेथून बार्जने मुरगाव बंदराकडे जातो आणि जहाजात चढतो. वाटेत त्याचे वजन होते, ओलावा मोजला जातो आणि नमुना तपासून त्यात लोहाचे प्रमाण किती हे ठरते. रॉयल्टी प्रतवारीवर ठरत असल्यामुळे चिमूटभर नमुन्याच्या निकालावर सरकारचा वाटा कमी-जास्त होतो. ऑगस्ट 2009 पर्यंत ही रॉयल्टी टनामागे अवघे काही रुपये होती. त्यानंतर ती किमतीच्या 10 टक्के आणि सप्टेंबर 2014 पासून 15 टक्के झाली. चीनच्या मागणीमुळे गोव्याच्या कमी प्रतीच्या मालालाही सोन्याचा भाव आला, ती तेजीची बरीचशी वर्षे त्या जुन्या दरातच निघून गेली. ज्या काळात सर्वाधिक लक्ष द्यायचे, त्याच काळात पट्टेदाराने भरून दिलेल्या विवरणपत्रावर विसंबून राहिलो, याची हळहळ मला आजही वाटते.

पुढचा घटनाक्रम सर्वांच्या स्मरणात आहे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. 21 एप्रिल 2014 च्या निकालाने स्पष्ट केले की पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती. म्हणजे त्यानंतर काढलेला माल पट्ट्याविना काढलेला होता. इतके होऊनही राज्याने 88 पट्ट्यांचे नूतनीकरण केले, आणि त्यांतील अनेक पट्टे लिलाव बंधनकारक करणारा अध्यादेश 12 जानेवारी 2015 रोजी लागू होण्याच्या अगदी तोंडावर मार्गी लावले. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने ते सारे रद्द केले. ट्रकाचे हप्ते भरणारा, बार्जवर काम करणारा, गॅरेज चालवणारा अशा माणसांनी मार्चच्या मध्यात खाणी बंद पडल्यावर जे सोसले, त्याचे मूळ मी न्यायालयाच्या निकालात शोधत नाही. वेळच्या वेळी लिलाव झाला असता, तर ही पाळी त्यांच्यावर आली नसती.

2014 च्या त्याच निकालातील एका आदेशाची चर्चा मात्र फार कमी होते. खनिजविक्रीच्या रकमेतील 10 टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत ठेवावा, असे न्यायालयाने सांगितले, आणि त्यामागे पुढच्या पिढ्यांचा हक्क हा विचार होता. माझे म्हणणे याच विचाराला धरून आहे. जमिनीतले खनिज एकदाच विकता येते. वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या पैशांवर घरखर्च चालवणाऱ्याला आपण कमावता म्हणत नाही, आणि तरीही राज्याच्या अर्थसंकल्पात रॉयल्टी महसुली जमेतच मोजली जाते. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने रॉयल्टी हा कर नव्हे, तर खनिज काढण्याच्या हक्काचा मोबदला आहे, असे ठरवले. मोबदला असेल तर तो मुद्दलाचा आहे. खर्च करायचा तो त्यावरच्या व्याजाचा. आणि मुद्दल वाढले की घटले, हे दरवर्षी विधानसभेसमोर आले पाहिजे.

डिसेंबर 2022 मध्ये डिचोली-मुळगाव, शिरगाव-मये, मोंत द शिरगाव आणि काले या चार ब्लॉकांचा लिलाव झाला. आता यशस्वी बोलीदाराला रॉयल्टीखेरीज बोलीत कबूल केलेला खनिजमूल्याचा हिस्साही सरकारला द्यावा लागतो, त्यामुळे राज्याचा वाटा पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा झाला आहे. परंतु मुळगावच्या ग्रामस्थांना आपली घरे, देवळे आणि शेती पट्ट्याच्या हद्दीतून वगळा, अशी मागणी लिलावानंतर करावी लागली. हद्द आखण्याआधी गावात जाऊन सर्व्हे क्रमांक पाहणे हे देखरेखीचे पहिले काम आहे, आणि ते संचालनालयाने स्वतः करायचे आहे.

डंपांचा, म्हणजे खाणीतून काढून बाहेर टाकलेल्या मालाच्या ढिगाऱ्यांचा, प्रश्न अजून तसाच उभा आहे. चार तालुक्यांत टेकड्यांसारखे पसरलेले हे ढिगारे कित्येक ठिकाणी पट्ट्याच्या हद्दीबाहेर, खाजगी जमिनींवर आहेत, आणि आज त्यांतील मालालाही किंमत आहे. त्यांचे मोजमाप, प्रतवारी आणि मालकी एका यादीत, गावनिहाय, लिलावापूर्वी प्रसिद्ध व्हावी, आणि विक्रीची रक्कम महसुली जमेत न मिसळता थेट कायमस्वरूपी निधीत जावी, अशी माझी मागणी आहे.