उतरलेला पंचम

गेल्या महिन्यात एका शनिवारी पहाटे पाच वाजता मी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, पंखा बंद करून बसलो होतो. समोर अँप्लिफायर, म्हणजे अँप, चालू, स्पीकर चालू आणि गाणं काहीच नाही. शेजारच्या खुर्चीत काका. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "आता बोलू नका. नुसतं ऐका."

घरोघरी साउंड सिस्टीम बसवून देण्याचं काम मी १९ वर्षं करतो आहे. कुणाच्या घरी पहाटे जायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि तीसुद्धा दीड महिना नको तिथे हातपाय मारून झाल्यावर.

काका ७८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. गाणं शिकलेले नाहीत, पण ऐकण्यात हयात गेली. खासगी बैठका, गणेशोत्सवातली गाणी, रेडिओवरच्या मैफली, जे जमेल ते त्यांनी टेप केलं. ६१२ कॅसेट. त्याशिवाय विकत घेतलेल्या ९०० सीडी. भाच्याने सीडी संगणकावर उतरवून दिल्या, कॅसेट एका दुकानातून डिजिटल करून आणल्या, आणि सगळं मिळून दीड टीबीच्या आसपास, ४१ हजार फायली, तळहाताएवढ्या एका हार्डडिस्कवर आलं. हे सगळं घरी नीट वाजेल असं काहीतरी बसवून द्या, असा त्यांच्या मुलीचा जर्मनीहून फोन आला. कोणतं यंत्र घ्यायचं तेही तिनेच वाचून-बघून ठरवलं होतं. परदेशातली मुलं आईवडिलांसाठी पैसे सैल हाताने खर्च करतात, हे मी पाहतो आणि मला त्याचं बरंही वाटतं. पण ती यंत्र स्वतःसाठी निवडतात. रोज बटण कोण दाबणार आहे हे फोनवर कुणी विचारत नाही, आणि त्या दिवशी मीही विचारलं नाही.

८५ हजारांचा नेटवर्क प्लेअर, म्हणजे फायलींतलं गाणं वाजवणारं यंत्र, आला. हार्डडिस्क लावली, आणि त्याने यादी करायला घेतली ती २० हजारांवर थांबली. त्यापुढच्या फायली त्याच्या लेखी नव्हत्याच. पुस्तिकेत शेवटून तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात ही मर्यादा लिहिलेली होती, मी ती आधी वाचायला हवी होती. मोठा संग्रह वाजवायचा तर पहिला प्रश्न आवाजाचा नसतो, यादीचा असतो. या क्षेत्रात वायरींवर तासन्‌तास वाद घालणारे लोक आहेत, पण 'तुमच्या यंत्राला किती फायली झेपतात' हे विचारणारं गिऱ्हाईक मला आजवर चार-पाच वेळाच भेटलं असेल.

आणि ज्या २० हजार दिसत होत्या त्यांची दशा काय सांगू! सीडी संगणकात घातली की गाण्यांची नावं इंटरनेटवरून आपोआप येतात, पण ती जगभरच्या लोकांनी हाताने टाइप केलेली असतात. त्यामुळे एकटे भीमसेन जोशी पाच ठिकाणी: नुसते, 'पं.' लावून, 'पंडित' लिहून, आडनाव आधी घालून, आणि एका ठिकाणी 'भारतरत्न' जोडून. यमन तीन स्पेलिंगांत. एका नीटनेटक्या माणसाने यमन आणि यमनकल्याण एकच समजून एकत्र केलेले. प्रकार या रकान्यात किशोरी आमोणकर आणि आयर्लंडचं लोकसंगीत दोघांनाही 'वर्ल्ड' हे एकच लेबल. कॅसेटच्या फायली तर वेव्ह स्वरूपात होत्या. त्यात नावगाव लिहायची धड सोय नाही, म्हणून सगळ्या 'अज्ञात कलाकार' या नावाखाली गोळा झालेल्या. शिवाय दुकानाने कॅसेट चोवीस बिट, ९६ किलोहर्ट्‌झला उतरवलेल्या, म्हणजे तासाला दोन जीबी. कॅसेटच्या फितीवर इतकं सामावलेलंच नसतं. सीडीच्या दर्जाला तिसरा हिस्सा जागा लागली असती आणि कानाला काडीचाही फरक पडला नसता, पण मोठा आकडा सांगून जास्त दर लावता येतो.

मी सगळ्या वेव्ह फायली फ्लॅकमध्ये बदलल्या. फ्लॅक म्हणजे कपड्याची घट्ट घडी: जागा कमी लागते आणि उलगडलं की धागा न धागा जसाच्या तसा. एमपीथ्रीमध्ये धागे काढून टाकलेले असतात, ते परत येत नाहीत. हे काम मी मनापासून केलं, तीन आठवडे रात्री बसून नावं सुधारली. आणखी एक गोष्ट होती. सीडीवर विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) असे दोन भाग केलेले असतात, पण गाणारा थांबलेला नसतो. हे प्लेअर दोन भागांच्या मध्ये क्षणभर गप्प बसायचं, आणि त्या क्षणात तानपुरा तुटायचा. काकांनी पहिल्याच दिवशी हात वर केला होता, "हे काय झालं?" बनवणाऱ्यांनी तीन मिनिटांची गाणी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं यंत्र तासाभराच्या रागाला असंच वागवणार.

म्हणून ते परत पाठवलं. त्याच्या जागी मी रास्पबेरी पाय बसवला, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. त्यावर लिरियन म्युझिक सर्व्हर. हे स्क्वीझबॉक्स नावाच्या प्लेअरसोबत चालणारं सॉफ्टवेअर. तो प्लेअर २०१२ मध्ये बंद झाला, पण सॉफ्टवेअर खुलं असल्यामुळे वापरणाऱ्यांनीच ते जिवंत ठेवलं, २०२४ मध्ये नवं नावही दिलं. ४१ हजार फायली त्याने न कुरकुरता घेतल्या, तानपुरा तुटायचा थांबला. सगळं मिळून खर्च पंधरा हजारांच्या आत. माझ्या मते तिथे काम संपलं होतं.

आठ दिवसांनी काकांचा फोन. "तानपुऱ्याचा पंचम उतरलाय." म्हणजे 'प' खाली घसरलाय.

मी गेलो. त्यांनी एका बैठकीचं ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं, गाणारे पुरुष, पट्टी काळी एक, म्हणजे त्यांचा षड्ज, 'सा', हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. मला काही वेगळं वाटलं नाही. मी म्हटलं, काका, कॅसेट जुनी आहे, टेप थोडी हळू फिरली असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "टेप हळू फिरली तर सगळंच उतरेल ना? षड्ज जागेवर आहे. एकटा पंचम कसा उतरेल?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते एका ओळीत सगळं सांगून गेले होते आणि मी ते ऐकून घेतलं नाही. मी मोजायचा मायक्रोफोन काढला, खोलीचा आलेख घेतला, स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. दुसऱ्या फेरीत विचारलं, हे नेहमीच होतं का? ते म्हणाले, बायकांच्या गाण्यात नाही, पुरुषांच्याच. झालं, माझी खात्री पटली की पुरुषांच्या त्या कॅसेट दुकानात खराब मशीनवर उतरवल्या गेल्या. माझा मदतनीस खाली गाडीत बसताना म्हणाला की म्हाताऱ्या माणसांच्या कानाचं असंच असतं. मी त्याला गप्प केलं नाही, ही गोष्ट मला अजून खुपते.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा काका म्हणाले, "तुम्ही सकाळी अकराला येता. मी पहाटे पाचला ऐकतो. एकदा माझ्या वेळेला या."

तर त्या शनिवारी आम्ही काहीही न लावता बसलो होतो. रस्त्यावर एकही गाडी नाही. दोनेक मिनिटांत मला ते ऐकू आलं. अगदी बारीक, सलग, खालच्या सुरातली गुणगुण. अकरा वाजता त्या रस्त्यावरच्या रिक्षा आणि डोक्यावरचा पंखा यांच्याखाली ती पूर्ण बुजून जात होती.

हम. आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना आजार. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. त्या ५० चा आवाज काकांच्या छोट्या स्पीकरांतून जवळजवळ निघतच नाही, निघतो तो त्याच्या दुपटीचा, १०० चा. मी मोबाइलवर पाहिलं, नेमका १०० वर काटा. मग तिथेच, पाठीला घाम फुटलेला असताना, गणित मांडलं. काळी एकचा षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण १३८.६ कंपनं. पुरुषी तानपुऱ्याची पहिली तार मंद्र, खालच्या सप्तकातल्या, पंचमाची, म्हणजे त्याचा पाऊणपट, १०४. आणि आमचा हम १००. पंचमाच्या तारेखाली, अर्ध्या पट्टीहून थोड्या जास्त अंतरावर, एक दुसरा, उतरलेला पंचम चोवीस तास वाजत होता. दोन्ही एकमेकांना घासून सेकंदाला चार हेलकावे घेत होते. काकांनी ऐकलेल्या बायकांच्या गाण्यांत षड्ज काळी पाचच्या आसपास, त्यांच्या तानपुऱ्याची एकही तार १०० च्या इतकी जवळ येत नाही, म्हणून तिथे काकांना काही खटकत नव्हतं.

आता कारण. मुलीने टीव्हीचा आवाजही याच स्पीकरांतून यावा असं सांगितलं होतं, म्हणून मी टीव्हीपासून अँपपर्यंत साधी आरसीए वायर, म्हणजे आवाज विजेच्या रूपात नेणारी, टाकली होती. टीव्हीला मागून केबलवाल्याची वायर. त्या वायरीच्या बाहेरच्या जाळीचं अर्थिंग जिन्यातल्या त्याच्या डब्यात, आणि अँपचं अर्थिंग घरातल्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये. दोन अर्थिंगच्या दाबात थोडा फरक असतो, जुन्या इमारतीत जास्तच, आणि तो फरक या वाटेने अँपच्या अंगातून फिरत राहतो. टीव्ही बंद असो, इनपुट दुसरंच निवडलेलं असो, जाळी जोडलेलीच राहते. मी केबलची वायर टीव्हीच्या पाठीमागून उपसली.

खोलीतून काहीतरी उठून गेल्यासारखं झालं. काकांनी डोळे मिटले. "आता लावा," म्हणाले. मी तीच बैठक लावली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. काकूंनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

त्याच दिवशी मी आरसीए काढून ऑप्टिकल वायर टाकली. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे दोन अर्थिंगची गाठच पडत नाही. टीव्हीला ऑप्टिकलची सोय होती, अँपलाही होती. पहिल्या दिवशी ती टाकली नाही कारण आरसीए वायर पिशवीत होती आणि दुसरी दुकानातून आणायला लागली असती. दुसरं काहीही कारण नव्हतं. अर्ध्या तासाच्या त्या कंटाळ्यापायी एका जाणत्या माणसाला मी दीड महिना 'तुमचा भास असेल' असं सुचवत राहिलो.

त्या पहाटे आणखी एक गोष्ट कळली. काकांना मोबाइलवरची यादी दिसतच नव्हती. डोळ्यांचा पडदा खराब झालेला, मधलं काही दिसत नाही, कडेचं दिसतं. काकू रोज नाव शोधून देत होत्या. मी तीन आठवडे रात्री बसून सुधारलेली यादी त्यांनी एकदाही वाचली नव्हती. मग ते कॅसेट कशा शोधायचे? "नंबराने. दोनशे चौदा म्हणजे मारवा. तीनशे एक म्हणजे त्या वर्षीच्या पावसातली बैठक." ६१२ आकडे त्यांना पाठ आहेत.

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून मी ४०० रुपयांचा नुसत्या आकड्यांचा कीपॅड आणला, रास्पबेरी पायला जोडला आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आकडे दाबायचे, एंटर मारायचं, ती कॅसेट सुरू. पाचच्या बटणावर उंचवटा असतो, त्यावर बोट ठेवून ते बाकीचे आकडे चाचपतात. मोबाइल आता ड्रॉवरमध्ये आहे.

पण सगळं मिटलेलं नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो. हम गेल्यावर काकांना उरलेल्या चुका ऐकू यायला लागल्या. दुकानातल्या दोन मशीनपैकी एक खरोखरच जलद फिरत होतं, साधारण तीन टक्के. सहा टक्क्यांना एक अख्खी पट्टी चढते, म्हणजे इथे अर्धी. मूळ कॅसेट उतरवून झाल्यावर रद्दीत गेल्या, त्यामुळे पुन्हा उतरवायचा मार्ग नाही. मात्र काकांच्या वह्या आहेत. तारीख, राग, ताल, साथीला कोण, आणि शेवटचा रकाना 'पट्टी'. संगणकाच्या एकाही यादीत हा रकाना मी पाहिलेला नाही. त्यावरून मी एकेक फाईल संगणकावर हळू करून जागेवर आणतो, हार्मोनियम असेल तर तिच्याशी ताडून बघतो. दर शनिवारी, पहाटे. ७० झाल्या.

गेल्या शनिवारी २१२ नंबर काढला. वहीत पट्टीचा रकाना कोरा. मोजलं तर काळी एकपेक्षा पाव पट्टी खाली. साथीला सारंगी, ती गाणाऱ्याच्या सुरात लावून घेतात, म्हणून तिच्यावरून काही कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, काळी एकवर चढवून ठेवतो. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. "त्या दिवशी त्यांचा आवाज बसला होता. तानपुरेच खाली लावून घेतले होते त्यांनी, मी समोर होतो. याला हात लावू नका."

मी लावला नाही. पण त्याआधीच्या आठवड्यात दुरुस्त केलेल्यांत अशाच कोऱ्या रकान्याच्या तीन होत्या. त्यांच्या जुन्या प्रती मी ठेवल्या आहेत. येत्या शनिवारी त्या तिन्ही काकांना आधी ऐकवणार आहे.