ऑक्टोबरचा उकाडा आणि तापणारं इंजिन

वागळे इस्टेट, ठाणे. ऑक्टोबर, सकाळचे सात.

घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन जमिनीवर तापतं, ही तक्रार ऑक्टोबरात हमखास. समोर लायकॉमिंग ओ-३२० आहे, चार सिलिंडर, थंड राहण्याची सगळी मदार हवेवर. सिलिंडरच्या डोक्याची, म्हणजे हेडची, कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअस, ऑइलची ११८. त्याच्या बरंच अलीकडे थांबावं.

मुळात हवाच कमी मिळते. ताशी १८० किलोमीटरने उडताना समोरच्या हवेचा दाब साधारण १५० मिलिमीटर पाण्याइतका असतो. जमिनीवर पंख्यामागे (प्रोपेलरमागे) ताशी ७० चा झोत धरला तरी जेमतेम २३, कारण दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. त्यात पंख्याचा बुडखा, नेमका इनलेटसमोरचा (हवा आत येण्याच्या तोंडासमोरचा) भाग, हवा फारशी ढकलतच नाही.

म्हणून काहीजण वरचं काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढून ठेवतात. उलट होतं. वर झाकण असेल तरच दाब साठतो आणि हवा सिलिंडरच्या पात्यांमधून खाली उतरते; झाकण नसलं की ती वरच्या वर पसार.

बॅफलच्या (हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या) फटी शोधायला संध्याकाळी गाळ्यातले दिवे बंद करायचे. खालच्या काऊलिंगमध्ये बल्ब लावायचा आणि इनलेटमधून आत बघायचं. सिलिकॉनच्या पट्टीच्या कडेने उजेडाची रेघ दिसली, की हवा तिथूनच निसटतेय. पट्टी आतल्या बाजूला, दाबाच्या दिशेने वाकलेली हवी. बाहेर वळली असेल तर दाब तिलाच उघडतो. कोपऱ्यातली बारीक भोकं आरटीव्हीने (सिलिकॉनच्या सीलंटने) बुजवायची.

चारही हेडचं तापमान एकत्र चढत असेल तर हवा कमी पडतेय. एकच चढत असेल तर आधी सेन्सरवर संशय. समजा तीन नंबरचा चढतोय, तर तीन आणि एकचे सेन्सर अदलाबदल करायचे. चढा आकडा सेन्सरबरोबर गेला तर सिलिंडर निर्दोष. सेन्सर उकळत्या पाण्यातही बुडवून बघावा. ठाणं समुद्रसपाटीलगत, म्हणजे काटा १०० च्या आसपास हवा. प्लगखालचा रिंगवाला सेन्सर हेडमधल्यापेक्षा जास्तच दाखवतो; दोन्हींची तुलना करून घाबरू नये.

नाक वाऱ्याकडे असावं. सकाळी वारा बहुधा पूर्वेचा, दुपारनंतर पश्चिमेचा, म्हणजे विमान वळवून, ठोकळे लावून, शेपूट पुन्हा बांधायची. कंटाळवाणं आहे, पण शेपटीमागे गाळ्याची भिंत जवळ असली तर गरम हवा तिच्यावर आपटून परत इनलेटशी येते. मग बॅफल कितीही सील करा.

नवं इंजिन फार वेळ जमिनीवर घुमवत ठेवू नये. पिस्टनच्या रिंगा नीट बसायच्या आत सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि पुढे ते ऑइल पीत राहतं. पूर्ण थ्रॉटल काही सेकंदच. मग १००० आरपीएमवर मिनिट-दोन मिनिटं, आणि बंद. बंद केल्यावर काऊलिंगमधली उष्णता वर चढून पेट्रोलच्या नळ्यांशी साचते, म्हणून ऑइलचं झाकण-दार उघडंच ठेवायचं. पुढची फेरी हेडला हात लावता येईल तेव्हा.