मांजराचे पाय मोजताना

परवा दुपारी घरच्या व्हॉट्सॲप गटावर भाचीने तिच्या मांजरीचा फोटो टाकला. गॅलरीच्या कठड्यावर मांजरी ऐसपैस बसलेली, पाठ गुबगुबीत, शेपूट खाली लोंबणारी, पुढचे पाय जागच्या जागी. मुंडके मात्र कुठेच नाही. मान पार मागे वळवून ती पाठ चाटत असावी, हे कोणाच्या तरी लक्षात येईपर्यंत गटावर दोन मावश्या हळहळून झाल्या होत्या.

मला एक खोड आहे. मांजराचा फोटो समोर आला की मी आधी पाय मोजतो. कधी तीन भरतात, कधी पाच, आणि पाच भरले की शेजारच्या उशीमागे दुसरे मांजर शोधावे लागते. कुत्र्याच्या बाबतीत असे करावेसे कधी वाटत नाही, कारण बहुतेक कुत्रे कसेही बसले तरी त्यांचा खांदा कुठे संपला आणि मांडी कुठे सुरू झाली, ते दिसत राहते. मांजराने हे सगळे सांधे केसांखाली आणि सैल कातडीखाली दडवलेले असतात. त्याचे गळपट्टीचे हाड नावापुरते उरलेले असून ते दुसऱ्या कोणत्याही हाडाला जोडलेले नसते, त्यामुळे खांदे हवे तसे आवळता येतात आणि डोके शिरेल तिथे बहुधा सगळे मांजर शिरते. मार्क-आंतोआन फार्दां या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने मांजर हे स्थायू की द्रव, असा प्रश्न रीतसर गणित मांडून विचारला आणि आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे इग नोबेल 2017 साली मिळवले. पातेल्यात झोपलेले मांजर ज्याने पाहिले आहे, त्याला त्यात विनोद फारसा वाटणार नाही.

त्यात कॅमेऱ्याला डोळा एकच. आपण दोन डोळ्यांनी पाहतो तेव्हा कोणता पाय अलीकडचा आणि कोणता पलीकडचा, हे विचार न करता कळते. फोटोत दोन्ही एकाच पातळीवर येऊन बसतात. शिवाय समोरचे मांजर कधी ना कधी हलते आणि संशय फिटतो, फोटोतले काही केल्या हलत नाही. पॅनोरामा काढताना मात्र ते नेमके मध्येच चालू लागते आणि गोमेच्या जातीचे होऊन बाहेर येते.

काळ्या मांजराची गोष्ट निराळी. वस्तूची गोलाई आपण तिच्यावरच्या उजेड-सावलीवरून ओळखतो, आणि काळे केस बराचसा उजेड गिळून टाकतात. कोकणात आजोळी माजघराच्या कोपऱ्यात बंबासाठी कोळशाचे पोते असे. तिथल्या काळ्या मांजरीची झोपायची जागा तीच. आजी भल्या पहाटे कंदील घेऊन कोळसे काढायला वाकली की पोत्याचाच एक भाग दोन हिरवे डोळे उघडून तिच्याकडे पाही. ‘मेले, इथे बसलीस होय!’ असे आजी म्हणे, पण तिला उठवीत नसे. पोत्याच्या दुसऱ्या बाजूने कोळसे काढी आणि बंब पेटवायला निघून जाई. डोळ्यांच्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो म्हणून ते असे चमकतात, हे पुढे शाळेत कळले, पण तोवर ती भीती अंगवळणी पडून गेली होती.

कॅमेऱ्याने मांजराचे एक गुपित फोडलेही आहे. उलटे सोडलेले मांजर पायांवर कसे उतरते, याचे उत्तर ‘ते सोडणाऱ्याच्या हाताला रेटा देते’ असे जाणते लोकही देत. 1894 साली एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पडत्या मांजराची एकामागून एक छायाचित्रे घेतली, तेव्हा दिसले की ते हवेतच आधी पुढचे अर्धे अंग वळवते आणि मग मागचे. म्हणजे पुढचा भाग एकीकडे आणि मागचा भलतीकडे तोंड करून असलेले मांजर ही कॅमेऱ्याची लबाडी नसून खुद्द मांजराचीच रीत आहे.

मांजरेही फसतात, ही त्यातली समाधानाची बाजू. चार कोपऱ्यांवर आतल्या बाजूने पाव भाग कापलेली चार वर्तुळे ठेवली की मध्ये नसलेला चौकोन दिसतो. कानिझा या इटालियन मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा भास घरोघरच्या जमिनीवर मांडून पाहिला, तेव्हा काही मांजरे त्या नसलेल्या चौकोनात खऱ्या चौकोनाइतक्याच आवडीने जाऊन बसली. हे संशोधन 2021 सालचे.

राहता राहिले 2015 साली जगभर फिरलेल्या फोटोतले जिन्यावरचे मांजर. ते चढते आहे की उतरते आहे, यावर लोकांनी पायऱ्यांच्या कडा आणि शेपटीचा कल यांचे दाखले देत कडाक्याचे वाद घातले. आमच्या घरात त्यावर अजून दोन तट आहेत. मी ‘उतरते’ या पक्षाचा आहे, आणि कारण कोणी विचारू नये.