जार

मे महिन्यात जळगावात पाणी येण्याआधी पाण्याचा आवाज येतो. जारवाल्याला भरलेला जार उचलायचा कंटाळा. फरशीवरून तो फरफटतच आणतो. खर्रर्र! माझे दात शिवशिवतात. पाटीवर उभी धरलेली लेखणी, पातेल्याचा तळ खरवडणारं उलथनं, ही सगळी माझी जुनी वैरीमंडळी.

गंमत अशी, की इंग्रजीत ‘जार’ म्हणजे कानाला टोचणारा आवाजसुद्धा. तो शब्द बहुधा नुसत्या आवाजाच्या नकलेतूनच आला. बरणीचा जार त्याचा कुणी लागत नाही. तो अरबी ‘जर्रा’चा, म्हणजे मातीच्या घड्याचा वंशज; फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला. आमचा जारवाला मात्र दोन्ही अर्थ एकाच फेरीत घरपोच देतो. दार किलकिलं असलं की इंग्रज ‘अजार’ म्हणतो, ते तर तिसरंच घराणं. असो.

‘नाइटजार’मधला जार पहिल्या घराण्यातला, आवाजाचा. हा पक्षी म्हणजे आपला रातवा.

उन्हाळ्यात आम्ही आजोळी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर झोपायचो. संध्याकाळी पाणी शिंपडलं तरी धाबं गोधडीतून पाठीला ऊन देत राहायचं. पऱ्हाटी उपटलेली काळी रानं गावाला लागूनच. सगळं निजलं की तिकडून सुरू व्हायचं, चक् चक् चक् चक् रर्रर्र... तळ्यावर भिरकावलेली खापरी टप्पे घेत जावी तसं. मी उकाड्यातही गोधडी डोक्यावर ओढायचो. आजी कूस न बदलता म्हणायची, “जपी जा, पाखरू शे ते.” झोप, पाखरू आहे ते. भीती वाटायची, पण दात शिवशिवायचे नाहीत. असं का, कोण जाणे.

पुढे रात्रीच्या एसटीतून तो दिसला. तापलेल्या रस्त्यावर बसलेला, दिव्यात डोळे निखाऱ्यासारखे लाल. गाडी अगदी अंगावर आल्यावर उठला.

याचं शास्त्रीय नाव कॅप्रिमुल्गस, म्हणजे शेळ्यांचं दूध काढणारा. रात्री येऊन तो शेळ्यांना लुचतो, ही ॲरिस्टॉटलच्या काळापासूनची वदंता. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये तेच नाव कायम केलं. रातवा खातो किडे आणि पतंग. शेळीच्या आसपास घोटाळत असेल तो त्यांच्यासाठीच. पण आळ थेट नावातच बसला, आणि नाव बदलायला अर्ज करणार कोण?