कुर्डुवाडी आली, गाडी थांबवा

१९ मे, रात्रीचे साडेअकरा

बारक्या झोपलाय. पंख्याखाली, उघडाच, आणि मुठीत पुठ्ठ्याचं तिकीट तसंच धरून ठेवलंय, काढायला गेलो तर झोपेतच हात आवळला. आज जे झालं ते लिहून ठेवायचंच आहे म्हणून बसलोय, नाहीतर उद्या पाण्याचा दिवस, पहाटेपासून मोटर, टाकी, पिंप, सगळी धावपळ, आणि मग राहून जातं ते राहूनच जातं.

फेब्रुवारीपासून सांगायला पाहिजे. बारक्या तेव्हा अडीच वर्षांचा. एका प्लेग्रुपमध्ये चौकशीला गेलो तर तिथल्या मॅडमनी सांगितलं जूनपासून डायपर चालणार नाही, शिकवून पाठवा. झालं, आम्ही दोघं घाबरलो आणि दुसऱ्या दिवशीपासून सुरू. दर तासाला उचलायचं, मोरीत उभं करायचं, कर बाळा, कर ना, कर लवकर. तो बिचारा आमच्या तोंडाकडं बघत उभा. काही होत नाही म्हणून चड्डी घालून बाहेर आणलं की दोन मिनिटात हॉलमध्ये तळं. मग माझा आवाज चढायचा. मी मारलं नाही कधी पण डोळे वटारले, हे लिहितोय कारण ते खरं आहे, आणि त्या वटारलेल्या डोळ्यांचं पुढं काय झालं तेही खरं आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी तो कपाटाच्या मागं जाऊन उभा राहायला लागला. पडदा मुठीत धरायचा, पाय एकमेकांवर दाबायचे, तोंड लालबुंद. आम्हाला वाटायचं शी करतोय, पण तो करत नव्हता, धरून ठेवत होता. चार दिवस शी नाही. पाचव्या दिवशी एवढासा खडा आला आणि एवढा रडला की शेजारच्या अक्का धावत आल्या. लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पोटावर हात फिरवला, डाव्या बाजूला खालती बोट दाबून मला म्हणाले बघा हात लावून, आणि खरंच तिथं गाठीगाठी लागत होत्या हाताला. मला तेव्हा कसंतरीच झालं. त्यांनी समजावलं की पोरगं भीतीनं शी धरून ठेवतं, धरली की ती कडक होते, कडक झाली की दुखतं, दुखलं की पोरगं आणखी धरतं, आणि हे असं फिरत राहिलं तर आतडं ताणून ताणून जाणीवच कमी होते, मग नुसती पातळ गळती चड्डीला लागते आणि आईबापाला वाटतं जुलाब झालेत. औषध दिलं, पाणी-फळं वाढवा म्हणाले, आणि सांगितलं एक महिना हे ट्रेनिंग पूर्ण बंद, तो विषयच काढायचा नाही घरात.

आईला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, तुला मी सात-आठ महिन्याचा असल्यापासून पायावर घेऊन बसत होते, दूध पाजलं की दोन्ही पावलांवर बसवायचं, स्सस् करायचं, झाली की शी, यात शिकवायचं काय एवढं. मी आधी वाद घातला, नंतर विचार केला तर तिचं चूक नाहीये. पोटात काही गेलं की आतडं हलतं, म्हणून खाल्ल्यावर वीस मिनिट अर्ध्या तासात शीला येते, हे आमच्या आयांना कुणी न सांगता ठाऊक होतं. पण तेव्हा वेळ ओळखायची ती आई, लेकरू नाही. आणि त्यांच्याकडं दुपटी होती, ओलं झालं की लेकराला लगेच कळायचं. डायपरमध्ये जी जेल असते ती सगळं शोषून घेते, पोराचं ढुंगण कोरडंच. त्याला ओलं काय असतं हेच माहीत नाही तर तो सांगणार काय आपल्याला.

म्हणून एप्रिलच्या शेवटी पहिलं काम केलं ते दिवसाचा डायपर काढला. नवी पेठेतून डझनभर साध्या सुती चड्ड्या आणल्या, ढिल्या इलॅस्टिकच्या, त्याला स्वतःला खाली ओढता येतील अशा. आईनं जुने टेरी टॉवेल काढले, तिचे वडील कारखान्यात होते त्यामुळं आमच्याकडं टॉवेलला कमी नाही, चौघडी करून गादीवर टाकायची, टॉवेलाच्या त्या बारीक बारीक कड्या कितीही पाणी पितात. राहिला प्रश्न धुण्याचा. ज्या घरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं पोराच्या दिवसाच्या आठ ओल्या चड्ड्या म्हणजे काय हे सोलापुरात राहणाऱ्यालाच कळेल. एक झाकणाची बादली ठेवली, त्यात टाकायच्या आणि पाण्याच्या दिवशी एकदम धुवायच्या. वास येतो, येऊ दे. त्यासाठी पोराला बोलायचं नाही हे ठरवून टाकलं.

पण खेळ सुरू झाला तो त्याच्या प्रश्नानं. आम्ही रेल्वे लाईन्सजवळ राहतो, इंजिनाचा भोंगा घरात ऐकू येतो आणि बारक्याचं सगळं विश्व म्हणजे गाडी. एका संध्याकाळी त्याला गाड्या दाखवायला नेलेलं, उभ्या गाडीला पाईप लावून डब्यांत पाणी भरत होते, ते बघत बघत तो एकदम म्हणाला, पप्पा, गाडी शू कुठं करते?

मी काही बोलायच्या आत आप्पा, बारक्याचे आजोबा, म्हणाले, कुर्डुवाडीला.

आप्पा लहानपणी बार्शी लाईटनं फिरलेले. ती छोटी गाडी, नॅरोगेज, कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून तिच्यात बसायचं, मधे बक्कळ वेळ, त्या वेळात लोक चहा प्यायचे, तोंड धुवायचे, पोरांना मोकळं करून आणायचे. त्यांच्या डोक्यात कुर्डुवाडी म्हणजे हे सगळं उरकायची जागा. त्यांनी बारक्याला ते असं रंगवून सांगितलं की पोरगं घरी येईपर्यंत कुर्डुवाडी कुर्डुवाडी करत होतं.

दुसऱ्या दिवशी हिनं खडू घेतला आणि बेडरूमपासून मोरीपर्यंत फरशीवर रूळ काढले. पलंग म्हणजे सोलापूर, फ्रिजजवळ मोहोळ, देवघराच्या दाराशी माढा, आणि मोरी म्हणजे कुर्डुवाडी. बारक्या ड्रायव्हर. मी पॅसेंजर, मागं शर्ट धरून. आणि खरी गंमत पुढं आहे, मी त्याला एकदाही म्हणालो नाही शूला चल. मी म्हणायचो, ओ ड्रायव्हरसाहेब, मला कुर्डुवाडीला उतरायचंय हो, जोरात लागलीय. मग तो गाडी थांबवायचा. मी आत जायचो, खरोखर करायचो, तो दारात उभा राहून बघायचा. दोन दिवस नुसता बघतच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर म्हणाला, आता ड्रायव्हरला लागली.

मी हिच्याकडं बघितलं, ही माझ्याकडं. कुणीच ओरडलं नाही, टाळ्या नाहीत, आईला पण डोळ्यानं खुणावलं गप्प बस म्हणून. बसला तो त्याच्या छोट्या पॉटीवर. आणि केली.

पोरांना आधी बसूनच शिकवायचं असतं, हे पण मला डॉक्टरांनीच सांगितलेलं. आपल्याकडं मुलगा म्हटलं की उभंच करायची घाई असते, पण या वयात शू आणि शी बऱ्याचदा एकदमच येते, उभं राहायची सवय लागली की शीसाठी बसायला तयार होत नाहीत. आणि बसवताना पाय लोंबकळता कामा नयेत. पावलं जमिनीला टेकलेली, गुडघे वर, म्हणजे आपण उकिडवं बसतो तसं, त्यानं आतला वाक सरळ होतो आणि जोर लावावा लागत नाही. आपल्या देशी संडासात हे आपोआप होतं, पण बारक्याला त्या भोकाची भीती वाटते, आत पडेन म्हणतो. वाटू दे. छोटी पॉटी जमिनीवर ठेवली, भीतीवर वाद घातला नाही.

जोर लावायचं मात्र त्याला कळत नव्हतं, श्वास कोंडून बसायचा, तीच जुनी धरून ठेवायची सवय. तेव्हा कामाला आली गड्ड्याच्या जत्रेतली पिपाणी. जानेवारीत संक्रांतीला घेतलेली, आईनं डोकं उठतंय म्हणून माळ्यावर टाकलेली. फुंकर मारली की पोट आपोआप आत जातं, खालचं सगळं ढिलं पडतं, म्हणून पॉटीवर बसलं की इंजिनाचा भोंगा वाजवायचा. पीऽऽऽ. सकाळी सव्वाआठला, दुधानंतर अर्ध्या तासानं, अख्ख्या वाड्याला कळतं आमची गाडी कुर्डुवाडीत आहे. शेजारच्या अक्का तिकडून विचारतात, "लागली का ओ गाडी?" आणि हा आतून ओरडतो, "लागूलाली!"

बक्षीस म्हणून चॉकलेट द्यायचं नाही हे हिचं ठाम मत आणि मला ते पटलं. त्याऐवजी तिकीट. पुठ्ठ्याचे तुकडे कापून ठेवलेत, गाडी थांबली की माझ्या ऑफिसातलं पंचिंग मशीन घेऊन तोच भोक पाडतो. झाली तरी तिकीट, नुसतं बसून आला तरी तिकीट. गाडी थांबवली हे त्याचं काम, बाकीचं पोटाचं.

आता दहा दिवस झाले तसा तो उभं राहून पण करायला मागतोय, माझं बघून. त्यासाठी हिनं मोरीच्या फरशीवर खडूनं माशी काढली. आम्सटरडॅमच्या शिपोल विमानतळावर पुरुषांच्या मुतारीत माशीचं चित्र काढलेलं आहे, नेम धरावा म्हणून, नव्वदच्या दशकापासून, आणि मोठी माणसं पण त्या माशीवरच नेम धरतात. खडूची माशी तर पुसूनच जाते, आणि पुसली गेली की बारक्याचा चेहरा बघावा. मग नवीन. काल माशी, आज बेडूक, उद्यासाठी त्यानं बसची ऑर्डर दिलीय.

दोन गोष्टींवर मात्र मी घरात आणि बाहेर दोन्हीकडं भांडलो, आणि पुढं पण भांडणार. एक म्हणजे ते शेम शेम. पोरानं चड्डी ओली केली की मोठी मोठी माणसं गालावर बोट घासत शेम शेम करतात, हसतात, चारचौघांत. परवा घरी आलेल्या पाहुण्यांनी केलं. बारक्या लगेच कपाटाच्या मागं. पंधरा दिवसांची मेहनत एका शब्दात मागं जाते, मी त्यांना तोंडावर सांगितलं आमच्याकडं असं म्हणायचं नाही, राग आला त्यांना, येऊ दे. ज्या पोराच्या पोटातल्या गाठी मी हातानं चाचपल्यात त्याला कुणी लाज दिलेली मला सहन होत नाही.

दुसरं म्हणजे, मुलगाच आहे, सोडा की कुठंही. भिंत दिसली की उभं करायचं. मुलीला आपण असं करत नाही, तिच्यासाठी आडोसा शोधतो, मग मुलाला आडोसा का नको? तो पण माणूसच आहे, त्याला पण दार लावून करायची सवय पाहिजे. आणि भिंतीवर करायला शिकलेलं पोरगं वीस वर्षांनी पण भिंतीवरच करतं, आपल्या शहरातल्या भिंती बघितल्या की कळतंच ते.

रात्रीचा डायपर अजून आहे. रात्रीचं खातं वेगळं असतं, ते शिकवून येत नाही, शरीर तयार व्हायला लागतं, पाच वर्षांपर्यंत आणि पुढं पण कितीतरी पोरांची गादी ओली होते. आई म्हणते मध्यरात्री उठवून नेत जा, मी नाही म्हणालो. झोपू दे त्याला. भावाची मुलगी सव्वादोन वर्षांची असतानाच मोकळी झाली होती हे आई रोज सांगते, सांगू दे. मुलांना साधारण काही महिने उशीरच लागतो.

तर आज. संध्याकाळी सात रस्त्यावरून रिक्षानं आसरा चौकाकडं चाललेलो, हिच्या मावशीकडं, मी आणि बारक्या दोघंच. डायपर घालायचा का यावर घरात पाच मिनिट चर्चा झाली, शेवटी पिशवीत दोन चड्ड्या टाकल्या आणि निघालो. अर्ध्या वाटेत पोरगं एकदम ताठ झालं. माझ्या छातीत धस्स, म्हटलं धरतोय परत, तोच जुना चेहरा. आणि त्यानं माझी कॉलर ओढली.

"पप्पा, कुर्डुवाडी आली."

मी रिक्षावाल्याला म्हटलं थांबवा हो जरा, तो म्हणाला, "काय झालं मालक?" मी सांगितलं कुर्डुवाडी आलीय. त्यानं आरशात बारक्याकडं बघितलं, एक सेकंद लागला त्याला, आणि काही न विचारता गाडी कडेला घेतली. पुढं ओळखीचा मेडिकलवाला आहे, त्याच्या दुकानामागं बाथरूम. पळत नेलं. पिपाणी घरी राहिलेली, बारक्या आत उभा राहून म्हणतो भोंगा नाही, भोंगा नाही, रडवेला झाला. मला सुचेना काय करावं तर बाहेरून रिक्षाचा हॉर्न वाजला, एकदा, मग लांबलचक. मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं त्याला वाटतं. आतमध्ये लगेच काम झालं. चड्डी कोरडी. पूर्ण कोरडी, मी हात लावून बघितली दोनदा.

बाहेर आलो तर रिक्षावाला किक मारून तयार, म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, सोडू का गाडी?"

बारक्यानं हात वर केला. "थांबा. हात धुवायचेत."