आमची वाटचाल: जळक्या मोटरपासून अख्ख्या कॉम्प्रेसरपर्यंत

आमचा व्यवसाय मोटर रिवाइंडिंगचा, म्हणजे जळलेल्या मोटरीत नव्याने तार गुंडाळण्याचा. सुरुवातीला हवेच्या कॉम्प्रेसरवरून सोडवलेली मोटर तेवढी आमच्याकडे यायची. ती गुंडाळून, वार्निश देऊन, तपासून परत जायची. आता आम्ही मोटर एकटी घेत नाही. तिच्यासोबत प्रेशर स्विच (टाकीतल्या दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा), नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा उलटी येऊ न देणारी झडप), पट्टे, पुली आणि स्टार्टर पाहिल्याशिवाय कामाला हात लावत नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या पिस्टन कॉम्प्रेसरची मोटर आपल्याच दोषाने जळल्याचं क्वचित आढळतं. बहुतेक वेळा तिला जाळणारा दोष कॉम्प्रेसरमध्ये असतो आणि मोटर बदलली तरी तो तिथेच राहतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते जळलेल्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीत. म्हणून जुनी तार कापण्याआधी आम्ही तिचा फोटो काढून ठेवतो. थ्री फेज मोटरमध्ये सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज, वारंवार स्टार्ट किंवा बंद पडलेलं कूलिंग यांपैकी काहीतरी घडलं आहे. स्टार जोडणीत (तिन्ही फेजची एकेक टोकं एकत्र जोडलेली) दोन फेजच्या कॉइल जळल्या आणि तिसरी ताजी राहिली, किंवा डेल्टामध्ये (तिन्ही फेज टोकाला टोक जोडून त्रिकोणात) एकच फेज जळून दोन शाबूत राहिले, तर एक फेज तुटलेला असताना मोटर चालली. मग फ्यूज, कॉन्टॅक्टरचे पॉइंट आणि प्रेशर स्विचमधले संपर्क तपासायचे. एकाच जागी छोटा डाग असेल तर तिथलं इन्सुलेशन फुटलं आहे. सिंगल फेजमध्ये फक्त स्टार्टिंग वाइंडिंग जळलं असेल तर सेंट्रिफ्यूगल स्विच (मोटरने वेग घेतल्यावर स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा) सुटला नाही, किंवा मोटर भाराखाली इतकी दबली की स्विच सुटण्याइतका वेग तिने गाठलाच नाही. हा स्विच साधारण पूर्ण वेगाच्या पाऊण भागाला सुटतो.

भाराखालचं स्टार्टिंग हा या यंत्राचा सर्वात मोठा रोग आहे. प्रेशर स्विचने मोटर बंद केली की त्याच्या बाजूची छोटी झडप, म्हणजे अनलोडर, उघडते आणि पंपापासून नॉन रिटर्न व्हॉल्व्हपर्यंतच्या नळीतली दाबलेली हवा सोडून देते. तेव्हा ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि काही सेकंदांत थांबतो. आवाज आलाच नाही तर अनलोडर अडकला आहे किंवा त्याची बारीक नळी चोंदली आहे, आणि पुढच्या वेळी मोटरला भरलेल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागेल. आवाज थांबतच नसेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे. टाकीतली हवा उलटी येऊन बाहेर जाते, दाब पडतो आणि मोटर पुन्हापुन्हा सुरू होते. व्हॉल्व्हची सीट साफ करणं किंवा आतली चकती बदलणं हे अगदी छोटं काम आहे. ते राहून गेलं म्हणून मोटरी जळतात.

याची साधी चाचणी कोणीही करू शकतो. टाकी रिकामी असताना मोटर झटकन उचलते, पण ६ बार दाबाला कट-इन होताना (आपोआप पुन्हा सुरू होताना) नुसती गुणगुणते, तर आधी अनलोडर पाहावा, मोटर नंतर. रिकाम्या टाकीवरही गुणगुणत असेल तर पट्टा काढून मोटर मोकळी चालवावी. मोकळी व्यवस्थित चालली तर पंप हाताने फिरवून बघावा. मोकळीही उचलत नसेल तर स्टार्ट कपॅसिटर, सेंट्रिफ्यूगल स्विच आणि वाइंडिंग या क्रमाने जावं. कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी तो रेझिस्टन्स किंवा बल्बमधून डिस्चार्ज करावा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची सवय कपॅसिटरलाही वाईट आणि माणसालाही. बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा आणि व्होल्टेज कमी घेऊ नये. स्टार्ट कपॅसिटरच्या जागी रन कपॅसिटर किंवा उलट लावणं चालत नाही.

लांब, बारीक केबल हाही मोटरचा शत्रू. मोटरचा स्टार्टिंग टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज १० टक्के पडलं की टॉर्क जवळपास १९ टक्के घटतो. म्हणून व्होल्टेज बोर्डावर न मोजता सुरू होण्याच्या क्षणी मोटरपाशी मोजावं. हवा लांब न्यायची असेल तर एअर होज लांब घ्यावा, वायर नको.

रिवाइंडिंग आम्ही आजही करतो, पण प्रत्येक मोटरचं नाही. जुनी वाइंडिंग काढताना स्लॉटची संख्या, दर कॉइलचे वेढे, तारेचा गेज, कॉइलची पिच (तिच्या दोन बाजूंमधलं स्लॉटांचं अंतर) आणि जोडणी लिहून घेतो. गेज मायक्रोमीटरने मोजतो, आणि तोही तारेवरचं इनॅमल काढून. तार सुटावी म्हणून स्टेटर (मोटरचा न फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) गॅसच्या ज्योतीने लाल करणं आमच्याकडे बंद आहे. त्याने पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं, मोटरचा लोखंडातला व्यय वाढतो आणि नवी वाइंडिंग घालूनही मोटर तापतच राहते. नवं इन्सुलेशन क्लास एफचं, म्हणजे १५५ अंश सेल्सिअसपर्यंतचं वापरतो. काम झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं उपकरण) बॉडीशी इन्सुलेशन तपासतो. जुन्या चालू मोटरमध्ये ते १ मेगओहमखाली असेल तर ती चालवू नये. नव्या कोरड्या वाइंडिंगकडून १०० मेगओहमच्या वर मिळायलाच हवं. थ्री फेजमध्ये तिन्ही फेजचा रेझिस्टन्सही जवळपास सारखा यावा लागतो.

बेअरिंग प्रत्येक वेळी बदलतो. ९० फ्रेमच्या (पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत ९० मिमी उंचीच्या) मोटरमध्ये बहुधा ६२०५ नंबरची, १०० फ्रेममध्ये ६२०६ ची असतात, तरी जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचूनच नवं आणावं. बसवताना दाब आतल्या रिंगवरच द्यायचा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंगही लवकरच आवाज करू लागतं. एंड कव्हरमधलं घर सैल झालं असेल, शाफ्ट झिजला असेल किंवा स्टेटरचे पत्रे वितळले असतील, तर रिवाइंडिंगचा सल्ला आम्ही देत नाही. नवीच मोटर घ्यावी.

मोटर बदलण्याच्या कामात सगळ्यात जास्त चुका नेमप्लेटवर होतात. नुसता हॉर्सपॉवर जुळवून भागत नाही. आरपीएम, फेज, व्होल्टेज, फ्रेम, शाफ्टचा व्यास आणि ड्युटी हे सगळं जुळावं लागतं. काही छोट्या कॉम्प्रेसरवर कमाल हॉर्सपॉवरचा आकडा ठळक छापलेला असतो. तो सोडून किलोवॅट आणि अँपिअर वाचावेत. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट, म्हणून २ एचपीला १.५, ३ एचपीला २.२ आणि ५ एचपीला ३.७ किलोवॅटची मोटर लागते. ड्युटी एस१, म्हणजे सतत चालण्याची असावी. फ्रेमचा आकडा म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये. ९० फ्रेमला शाफ्ट २४ मिमी, १०० आणि ११२ ला २८ मिमी, चावी तिन्हींना ८ मिमीची. जुनी मोटर अवजड फ्रेमची असेल तर नवी उंचीला कमी भरते. तेव्हा खाली प्लेट देऊन भोकं नव्याने पाडावी लागतात. सैल पुलीत पत्र्याची पट्टी कोंबून चावी ठोकणं आम्ही स्वीकारत नाही. पुली नवी घ्यावी किंवा टेपर बुशची, म्हणजे शाफ्टवर आवळल्या जाणाऱ्या निमुळत्या बुशची.

पुलीचा हिशेब असा: पंपाचा वेग गुणिले पंपाच्या चाकाचा व्यास, भागिले मोटरचा वेग. पंप ७२० आरपीएमचा, चाक ४०० मिमी आणि मोटर १४४० ची असेल तर पुली २०० मिमी. याच पुलीवर २८८० ची मोटर चढवली तर पंप दुप्पट वेगाने पळतो, मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात. हिशेबाने १०० मिमीची पुली येते, पण बी सेक्शनच्या (पट्ट्याच्या आकाराचा एक प्रकार) पट्ट्याला १२५ मिमीपेक्षा लहान पुली सोसत नाही. म्हणून चार पोलच्या (१४४० आरपीएमच्या) मोटरच्या जागी चार पोलचीच घ्यावी. हवा जास्त मिळावी म्हणून पुली मोठी करून मागणारेही असतात. वेग १० टक्के वाढवला की मोटरवरचा भारही जवळपास तेवढाच वाढतो, आणि पंपाच्या नेमप्लेटवरची वेगमर्यादा आम्ही ओलांडत नाही.

पट्टे जोडीने बदलतो, जुना-नवा एकत्र नाही. दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी लावून त्या एका रेषेत आहेत ना, हे पाहतो. पट्ट्याचा ताण मधोमध दाबून बघावा. दर १०० मिमी अंतराला साधारण १.६ मिमी दबला की पुरे. जास्त ताणला तर पुलीकडचं बेअरिंग जातं. फिरण्याची दिशा चाकावरच्या बाणाप्रमाणेच हवी, कारण चाकाचे आरे पंखा बनून पंपावर वारा फेकतात. थ्री फेजमध्ये कोणत्याही दोन वायरी बदलून दिशा फिरते, सिंगल फेजमध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची टोकं उलटवावी लागतात.

ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेल्यास मोटर बंद करणारा) नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावतो. मोटर स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टावर नेणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले फेजच्या आत असेल तर नेमप्लेटच्या अँपिअरच्या ०.५८ पट. स्टारमध्ये टॉर्क एक तृतीयांशच मिळतो, त्यामुळे अनलोडर बिघडलेल्या कॉम्प्रेसरवर हा स्टार्टर निरुपयोगी ठरतो. शेवटी टाँग टेस्टर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारं उपकरण) लावून रिकाम्या टाकीपासून ८ बारच्या कट-आउटपर्यंत (मोटर बंद होईपर्यंत) करंट पाहतो. तो कट-आउटच्या आधी सर्वाधिक असतो आणि तेव्हाही नेमप्लेटच्या आत राहिला पाहिजे. हे आकडे आम्ही प्रेशर स्विचच्या कव्हरच्या आत लिहून ठेवतो. पुढे करंट चढलेला दिसला तर व्हॉल्व्ह, पट्टे की बेअरिंग याचा शोध तिथून सुरू करता येतो.

टाकीच्या तळाशी गंज खोल गेलेला असेल, ड्रेनजवळ पाझर असेल किंवा वेल्डिंगचं ठिगळ दिसलं, तर त्या कॉम्प्रेसरला आम्ही नवी मोटर बसवत नाही. टाकीची चाचणी पाण्याने भरून घ्यावी, हवेने कधीच नाही. पंप चांगला असेल तर मोटर आणि पंप दोन्ही उचलून दुसऱ्या टाकीवर चढवता येतात.