अकलचे दगडी लाकूड : जैसलमेरजवळील जीवाश्म उद्यानाची भेट

जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्याने सुमारे १७ किलोमीटरवर अकल येथे २१ हेक्टरांचे काष्ठजीवाश्म उद्यान आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्यता दिली आहे. ‘जीवाश्म अरण्य’ हे शब्द ऐकून जो उभ्या वृक्षांची कल्पना करून येईल, त्याची पहिल्या दहा मिनिटांतच निराशा होईल, कारण येथे उघड्या, खडकाळ उतारावर आडवी पडलेली खोडे आहेत आणि तीही लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यांत, पत्र्याच्या छपराखाली.

ही खोडे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे ज्युरासिक काळातील आहेत. सपुष्प वनस्पतींचा निर्विवाद पुरावा त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी मिळतो. त्यामुळे येथील लाकूड प्रकटबीज वृक्षांचे, म्हणजे ज्यांचे बीज फळात झाकलेले नसते अशा सूचिपर्णी (सुईसारख्या पानांची) आणि ताडासारखी दिसणारी सायकस यांच्या कुळातल्या झाडांचे आहे. गाळात गाडल्या गेलेल्या लाकडात पाण्यात विरघळलेली सिलिका (वाळूत असते तेच खनिज द्रव्य) झिरपत गेली आणि त्याचा दगड झाला. तरीही काही खोडांवर लाकडाचे रेषे ओळखू येतात. सर्वांत मोठे खोड १३.४ मीटर लांब आहे. खोडांना फांद्या वा पाने चिकटलेली नाहीत आणि ती वेगवेगळ्या दिशांना पडलेली आहेत, यावरून ती वाहत येऊन येथे साचली असावीत, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. आज जेथे थरचे वाळवंट आहे, तेथे एवढे वृक्ष वाढण्याइतके उष्ण व दमट हवामान होते, ही गोष्ट तेथील रखरखीत उन्हात उभे राहिल्यावरच खऱ्या अर्थाने पटते.

प्रकटबीज लाकडाची खरी ओळख सूक्ष्मदर्शकाखाली पटते: त्यात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नळ्या, म्हणजे वाहिन्या, सहसा नसतात, केवळ त्याच कामाच्या अरुंद, लांबट पेशी, म्हणजे वाहिनिका, असतात. जाळीमुळे हातातले भिंग निरुपयोगी ठरते. त्याऐवजी लहान दुर्बीण न्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळच्या तिरप्या उजेडात रेषे ठळक दिसतात आणि छायाचित्रेही बरी येतात. परतीच्या प्रवासासह वाहन जैसलमेरहूनच ठरवावे, पाणी व टोपी सोबत असावी. वाटेत सुटा तुकडा दिसला तरी तो उचलू नये. दीड तास पुरेसा आहे; लहान मुलांना एवढाही वेळ जड जाईल.